नाचणीची खळ

मला कागद चिकटवायचं काम फार नेटकं जमतं. कोपऱ्याला कोपरा लागतो, मधे फुगा राहत नाही, कडेनं डिंक ओघळत नाही. भोरमध्ये आमच्या गल्लीत हे काम माझ्यासारखं कुणालाच येत नाही, असं मी अगदी परवापरवापर्यंत येईल त्याला ऐकवत होते. आता कुणी तो विषय काढला की मी भांडी घासायला उठते.

काम घरबसल्या होतं. नवरा शिरवळकडं कारखान्यात, पोरं शाळेत, आणि दुपारी मी मोकळी. 'मोकळी' हा शब्द सासूबाईंचा. पहाटे उठून दोन डबे, धुणं, पाणी भरणं आणि खुद्द सासूबाईंची गुडघेदुखी आवरून बाई जमिनीला पाठ टेकते, तेव्हा ती मोकळी असते. तर अशा मोकळ्या बायांसाठी एक व्यापारी टेम्पोतून माल घेऊन यायचा. कोरी खोकी, छापील लेबलं आणि तेलकट कागदात गुंडाळलेले गाडीचे सुटे भाग. खोकं घडीवर उभं करायचं, लेबल लावायचं, आत वस्तू ठेवून झाकण लावायचं. गाड्या म्हणजे जुन्या मोटारी आणि जीपा, ज्या बनवणं कंपन्यांनी कधीच बंद केलंय. शहरातले हौशी लोक त्या जपतात आणि त्यांना पार्ट लागतात, असं तो सांगायचा. लेबलावर जुन्या धाटणीचं चित्र, कंपनीचा शिक्का आणि इंग्रजीत 'जेन्युइन'. मी दहावी झालेली आहे. त्या शब्दाचा अर्थ अस्सल, हे मला कळत होतं. आधीच सांगून टाकते, कारण 'मला कुठं वाचता येतंय' ही सबब पुढं फार वेळा जिभेवर आली, आणि ती खोटी आहे.

एका पावसाळ्यात रस्ता खचला म्हणून टेम्पो आला नाही आणि दिलेला डिंक संपला. लेबलं तर ढीगभर उरलेली. माहेरी, विंझरच्या पुढं, आई घरातल्या पाट्यांना आणि सुपांना कागद लावायची तो पिठाच्या खळीनं. माझ्याकडं तिनंच पाठवलेलं नाचणीचं पीठ डब्यात पडून होतं. माझ्या पोरांना नाचणीची भाकरी बघितली की पोटात दुखतं. म्हटलं, टाकण्यापेक्षा बरं. पाण्यात कालवून चुलीवर, म्हणजे आमच्या गॅसवर, मंद आचेवर घोटली आणि गार करून लावली. खळीत आई चिमूटभर मोरचूद घालायची, कीड लागू नये म्हणून. ते विष. घरात पोरं, म्हणून मी घातलं नाही.

दुसऱ्या दिवशी बघते तर पांढरीशुभ्र लेबलं तपकिरी पडलेली. कडा वळलेल्या, मधे बारीक सुरकुत्या. आता हा माणूस सगळा माल माझ्या तोंडावर मारणार. तो आला, एक खोकं उचलून त्यानं दारात उजेडाला धरलं, उलटंपालटं केलं आणि हसला.

"कसं केलं, ताई?"

मी घाबरत घाबरत सांगितलं.

"असंच करा," तो म्हणाला. "आता सगळी अशीच करा. काय हात आहे हो तुमचा!"

लग्न होऊन मी या घरात आले त्याला बरीच वर्षं झाली. माझ्या हाताबद्दल असं कुणी बोललं नव्हतं. भाजीत मीठ जास्त झालं की तेवढा हाताचा विषय निघतो. मी त्या दिवशी इतकी फुगले की संध्याकाळी गल्लीतल्या चार बायांना बोलावून खळ कशी घोटायची ते दाखवलं. गुठळी होऊ द्यायची नाही, ढवळायचं थांबायचं नाही, बोटाला चिकटून तार सुटली की उतरवायची. शेजारच्या भाभीही आल्या होत्या. त्यांनी सगळं पाहून घेतलं आणि मग हळूच विचारलं, "ताई, आतली वस्तू नवीन. मग कागद जुना दिसतोय म्हणून त्याला एवढा आनंद कशाचा?"

"फॅशन असेल," मी म्हणाले. बाकीच्या हसल्या. "आपल्याला काय करायचंय, भाभी? आपण नुसतं चिकटवतो."

भाभींनी पुढच्या आठवड्यापासून काम सोडलं. कारण सांगितलं नाही. मी मात्र सगळ्यांना सांगितलं की त्यांना खळ जमली नाही.

हिवाळ्यात रविवारी पुण्याकडची मंडळी जुन्या मोटारी घेऊन आमच्या रस्त्यानं वरंध घाटाकडं जातात. चकचकीत रंग, गोल दिवे, आत डोक्याला रुमाल बांधलेल्या बायका. आधी मी त्यांच्याकडं ढुंकून बघत नसे. आता पोरांना हाक मारून दारात उभं करायचे आणि सांगायचे, यांच्यात आपल्या घरचा माल असतो. पोरं टाळ्या वाजवायची.

पुढच्या दिवाळीनंतर मी माहेरी गेले. तिथं आबांची जीप आहे. आबा म्हणजे माझे वडील. आमच्या भागात एसटीचा भरवसा नव्हता तेव्हा त्यांनी ती घेतली, सगळ्या खोऱ्याची माणसं त्यातून वाहिली, आणि आता भाड्याचं ते वडाप बंद झालं तरी एक रीत राहिली आहे. आमच्या आणि आसपासच्या वाड्यांतली नवरी सासरी जाते ती आबांच्या जीपमधून. आबा स्वतः चालवतात, दुसऱ्याला स्टेअरिंगच्या चाकाला हात लावू देत नाहीत. मीही त्यातूनच भोरला गेले. त्या वर्षी आमच्या आळीतली एक मुलगी पाबे घाटाच्या पलीकडं दिली होती. लग्न चार दिवसांवर आलेलं, आणि जीपचा ब्रेक पाय तळाला गेला तरी लागत नव्हता.

पण आबा खुशीत होते. मी पिशवी खाली ठेवायच्या आत म्हणाले, "बाई, लई नामी माल गावलाय. ब्रेकचा सिलिंडर. कंपनीचा, जुना. आता दिवा घिऊन हुडकला तरी मिळायचा न्हाई. उद्या बशिवतो. अगं, काढ की गं त्यो माळ्यावरनं."

आईनं माळ्यावरून खोकं काढलं आणि ओरडली, "अवो, उंदरानं खाल्लं की!"

"आतलं?" आबा उठूनच बसले.

"आतलं कसं खाईल, लोखंड हाय त्ये. कागद खाल्लाय निम्मा." तिनं खोकं डोळ्याजवळ नेलं. "कुणीतरी पिठाच्या खळीनं चिकटवलंय. मोरचूद घातलं न्हाई. घातलं असतं तर उंदरानं तोंड लावलं नसतं."

"कंपनीत पिठाची खळ?" आबा खो खो हसले. "येडी का खुळी तू! विलायती डिंक असतोय त्यो."

खोकं माझ्या हातात आलं. कुरतडलेल्या कडेखाली तपकिरी पापुद्रा होता. उरलेला कोपरा दुसऱ्या कोपऱ्याला बरोबर लागलेला होता, फुगा नव्हता. आपल्या हातची भाकरी ताटात ओळखू येते, तसं मला ते ओळखू आलं. मी ते आईकडं परत दिलं आणि पाय धुवायला गेले.

जेवताना आबा त्या मालाबद्दलच बोलत होते. दुकान पुण्यातलं, दुकानदार कसा आतल्या खोलीतून काढून देतो, नवख्याला दाखवतसुद्धा नाही. आईनं माझ्यासाठी मासवडी केली होती. मी एकच वडी मोडत बसले. मनात मी हजार वाटा शोधत होते. दुसरीही कुणी अशी खळ करत असेल. लेबल खोटं असलं तरी वस्तू चांगली असेल. आबा उतारावर तसेही हळूच चालवतात. आणि प्रत्येक वाटेच्या शेवटी मला ती आळीतली मुलगी दिसत होती, हळदीच्या अंगानं पाबे घाट उतरताना, आणि चाकावर आबा.

जेवण झाल्यावर आबा जीपची काच पुसत होते. मी जवळ गेले.

"आबा, त्यो पार्ट बसवू नगा."

"का?"

"खोटा हाय."

"तुला काय कळतंय त्यातलं?"

"पार्टातलं काय न्हाई कळत. पण कागद म्या लावलाय."

त्यांना आधी समजलंच नाही. मी सगळं सांगितलं, टेम्पो, खळ, त्या माणसाचं हसणं, सगळं. सांगताना मी त्यांच्याकडं न बघता टायरकडं बघत होते. आबांनी फडकं बॉनेटवर ठेवलं.

"तुला ठावं व्हतं?"

मी 'न्हाई' म्हणायला तोंड उघडलं. पण ते निघेना. "कधी इचारलंच न्हाई," मी म्हणाले. "इचारलं असतं तर कळलं असतं, म्हणून."

ते आत गेले, खोक्यातून सिलिंडर काढला आणि विळ्याच्या टोकानं खरवडला. जुनाट काळा रंग कांद्याच्या पापुद्र्यासारखा सुटला. खाली कोरं, खडबडीत बिडाचं लोखंड होतं. आई म्हणाली, "नाव सोनूबाई आन् हाती कथलाचा वाळा." ती त्या पार्टाबद्दलच म्हणाली असेल. मला वाटलं मलाच म्हणाली.

आबा रागावतील, खोकं भिरकावतील, मला 'चालती हो' म्हणतील, याची मी वाट बघत होते. तसं झालं असतं तर रडून मोकळी झाले असते. ते उंबऱ्यावर बसले. मग म्हणाले, "गुंजवण्याला जायला लागंल."

गुंजवण्याला त्यांचा एक ओळखीचा होता, त्याची तशीच जीप. राजगडाच्या पायथ्याच्या वाड्यांवर रस्ते असे की तिथून आजारी माणूस, बाळंतपणाची बाई वेल्ह्याला न्यायची तर तीच जीप. त्याला त्या दुकानात आबांनीच नेलं होतं. त्यानंही तसाच सिलिंडर घेतला होता आणि बसवलाही होता.

"फोन करून सांगा की," मी म्हणाले.

"फोनवर कोण मानंल? तू बी चल."

सकाळी आधी आबा लग्नघरी गेले. ब्रेकचं काम झालं नाही, जीप येणार नाही, एवढंच तिथं सांगितलं. नवरीची आई रडवेली झाली. इतक्या मुली गेल्या, आमचीच का नको, म्हणाली. आबांनी ते ऐकून घेतलं आणि माझं नाव काढलं नाही. मला वाटलं, गुंजवण्यातही असंच निभेल. मार्गासनीपर्यंत आम्ही एसटीनं गेलो, पुढं एका टेम्पोत उभ्यानं. उतरताना आबांनी मला हात दिला.

तो जीपवाला किल्ली लावायच्या बेतात होता. वरच्या वाडीवरून निरोप आला होता, एक गरोदर बाई दवाखान्यात न्यायची होती. आबांनी ब्रेकचं सांगितल्यावर तो हसला.

"दादा, दिवाळीच्या आधीपासनं चालिवतोय. लोण्यागत लागतोय ब्रेक."

"आतलं रबर फुगंस्तवर लागंल. मंग एकदम सोडंल."

"आवं, पर खोटा कशावरनं म्हंता? तुमीच तर दुकान दावलं."

"दावलं. चुकलो." आबांनी माझ्याकडं हात केला. "ही माझी थोरली लेक. भोरला दिलीया. कागद हिनं चिकटवलाय."

त्यानं माझ्याकडं पाहिलं आणि पुन्हा आबांकडं. म्हातारा चळला, असं त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसलं. अंगणात तोवर शेजारची चार माणसं जमली होती, त्याची आई उंबऱ्याशी येऊन बसली होती. तो म्हणाला, "दादा, मला उशीर हुतोय. पुण्याचं दुकान, विलायती माल, आन् भोरची पोरगी चिकटिवती व्हय? कायबी काय!"

आबा मला म्हणाले, "दाव त्याला."

खोकं त्याच्याकडं होतं. शहरातली माणसं रिकामं खोकंसुद्धा मागतात म्हणून त्यानं फडताळात जपून ठेवलं होतं. ते आणलं. मी तांब्यात बोटं बुडवून लेबलावर फिरवली. कंपनीचा डिंक असा सुटत नाही. खळ सुटते. कागद ओला झाला, सरकला आणि सालीसारखा माझ्या हातात आला. मागं तांबूस चिकट थर राहिला. मी तो तसाच सगळ्यांपुढं धरून उभी राहिले.

त्याच्या आईनं हात पुढं केला. म्हातारीला नीट दिसत नसावं. तिनं खोकं घेऊन नाकाशी नेलं.

"आंबील," ती म्हणाली. "नाचणीची आंबील हाय ही."

मग तो वास घेऊन बघायला लागला. मग शेजारचे. प्रत्येकजण हुंगायचा आणि हुंगून झालं की माझ्याकडं बघायचा. पुण्याच्या हौशी माणसाला तो वास जुन्या कागदाचा वाटला असेल. इथं ज्याच्या त्याच्या घरात तो वास होता, कुणाला फसायला जागा नव्हती. जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं म्हणतात. मी खरोखर खाली बघितलं.

म्हातारी आबांना म्हणाली, "अवो, लेकीला असं चारचौघात हुबं केलंसा?"

"काय करू, आक्का? माझ्या नुसत्या बोलण्यावर ह्यो मानला नसता. तिच्याबिगर माज्याकडं पुरावाच न्हवता."

आवाज त्यांचा नेहमीचाच होता. पण फेटा काढून त्यांनी तोंड पुसलं, आणि ऊन अजून तापलं नव्हतं.

त्या माणसानं जीपची किल्ली काढून खिशात टाकली आणि कुणाला तरी फोन करून वरच्या वाडीवर टेम्पो पाठवायला सांगितला. मला म्हणाला, "ताई, सांगितलंसा त्ये बरं झालं." त्यानं शिव्या दिल्या असत्या तर मला त्या पचल्या असत्या. निघताना म्हातारीनं थांबवलं. सवाष्ण दारातून तशी जाऊ द्यायची नाही. ती आतून करंडा घेऊन आली आणि चाचपडत तिनं मला कुंकू लावलं. मी वाकले, आणि मान वर करायला मला वेळ लागला.

भोरला आल्यावर मी काम सोडलं. व्यापाऱ्याला तोंडावर सांगितलं, तर तो म्हणाला, "ताई, खोक्यावर काय लिहायचं ते मी ठरवतो, तुम्ही का मनाला लावून घेता?" आणि टेम्पो शेजारच्या दारी उभा केला. पोलिसांत जावं असं अजून मनात येतं. तिथं पहिलं बोट माझ्याकडंच वळेल, म्हणून पाय निघत नाही. भाभींकडं गेले आणि 'तुम्हाला खळ जमली नाही' असं मी गावभर सांगितलं होतं, ते कबूल केलं. त्या म्हणाल्या, माहीत आहे, आणि चहा ठेवला. गल्लीतल्या बायांनाही मी सगळं सांगितलं, गुंजवण्याचंसुद्धा. त्यांनी मनापासून ऐकलं. वडिलांना वेळेत कळलं ते बरं झालं, म्हणाल्या. मग एक म्हणाली, "पण आपण नुसतं चिकटवतो, नाही का?" आणि बाकीच्यांनी माना डोलावल्या. ते वाक्य त्यांना कुणी दिलं होतं, हे मला चांगलं माहीत होतं.

दुपारी आमच्या गल्लीत अजून नाचणीचं पीठ घोटल्याचा वास येतो. परवा पलीकडच्या घरातली नवी सून वाटी घेऊन माझ्या दारात आली. वाटीतली खळ पाण्यासारखी हलत होती.

"काकू, सगळ्यांना तुम्हीच शिकवलंय म्हणे. ही पातळ झाली. आता काय करू?"

"पुन्हा गॅसवर ठेव," मी म्हणाले. "मंद आचेवर. आणि ढवळायचं थांबू नकोस."

शब्द तोंडातून गेल्यावर माझे मला ऐकू आले. ती 'बरं' म्हणून वाटी सांभाळत निघूनही गेली होती. मी तिला हाक मारायला पायरीवर आले आणि तशीच उभी राहिले. गुंजवण्याच्या अंगणातही मला एवढी लाज वाटली नव्हती.